मान हलवल्याचं इतिवृत्त

नाही, पण मला एक सांगा, तोंडात हॅमचं सँडविच असताना माणसानं मान हलवली तर तो ठराव होतो का? नाही ना? तुम्हाला नाही वाटत, मला नाही वाटत, आमच्या चर्चच्या पास्टरलाही नाही वाटत, मी मुद्दाम विचारून आलो त्याला... पण आमच्या ग्रॅनाइट बेंड नगरपालिकेच्या वकिलाला वाटतं! आणि त्याला वाटलं की संपलं. चार वर्षं, तुम्हाला सांगतो, चार वर्षं मी एका बाकासाठी चपला झिजवल्या. बाक म्हणजे काय हो, सहा फुटी फळ्या, पाठीला टेकू, दोन बाजूंना हात. विमानतळ नव्हता मागितला मी. आणि ते बाक शेवटी बुडालं कशात, तर माझ्या स्वतःच्या बायकोच्या मयताच्या जेवणात.

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी ओरिन स्कार. एकतीस वर्षं या गावात शाळेची बस चालवली. आज कौन्सिलमध्ये जे सातजण वर खुर्च्यांवर बसतात ना, त्यातल्या चौघांना मी शाळेत पोचवलंय, रोज, उणे वीसमध्येसुद्धा, वेळेवर. तीच माझी चूक झाली. एखाद्या दिवशी उशीर केला असता तर उशिरानं माणसाचे काय हाल होतात हे लहानपणीच कळलं असतं त्यांना.

तर आमच्या घरापासून लायब्ररीपर्यंत सहाशे चाळीस पावलं. मी नाही मोजली, मार्लिसनं मोजली, माझ्या बायकोनं. तिच्या फुप्फुसांनी हात टेकले होते, त्यामुळे ती पावलं मोजूनच खर्च करायची. थर्ड स्ट्रीटचा चढ चढून गेलं की बंद पडलेल्या लोण्याच्या डेअरीसमोर एक बाक होतं, तीनशे दहाव्या पावलाला. तिथे ती बसायची, दम खायची, येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलायची, आणि मग उरलेली पावलं चालून आपली पुस्तकं घेऊन यायची. मंगळवारी आणि शुक्रवारी. मग एका हिवाळ्यात बर्फ काढणाऱ्या गाडीनं ते बाक उडवलं. गाडीवाल्याचा दोष नाही, चार फूट बर्फाखाली बाक काय दिसणार त्याला... पण बर्फ वितळला आणि बाकाच्या जागी दोन बोल्ट. नुसते दोन बोल्ट, आणि ते मात्र आजही आहेत, काय पक्के बसवलेत म्हणता!

मी नगरपालिकेत फोन केला. ते म्हणाले, बाकं सल्लागार समितीकडे. कुठली समिती, तर उद्यान आणि पदपथ नागरिक सल्लागार समिती, आणि तिच्यावर एक जागा रिकामी आहे, मिस्टर स्कार, तुम्हीच का नाही येत? मला काय आनंद झाला! मला वाटलं, बघा, लोकशाही म्हणतात ती हीच, बाक हवं त्यानंच समितीत यायचं. अर्ज भरला, मुलाखत दिली, उजवा हात वर करून शपथ घेतली, की मी राज्यघटनेचं रक्षण करीन. बाकासाठी, हो! मार्लिस म्हणाली, घटनेचं नंतर बघ, आधी ते दोन बोल्ट पावसात गंजतायत त्यांचं बघ.

आता समितीचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही कधी असल्या अर्जावर सही करणार नाही. आम्ही पाचजण. महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळी साडेसहा. प्रत्येकापुढे नावाची पाटी, प्रत्येकापुढे माइक, आणि समोर चाळीस खुर्च्यांवर एक माणूस, जो थंडीत ऊब घ्यायला येतो आणि उन्हाळ्यात येत नाही. आम्ही बोलायचं, ठराव मांडायचा, अनुमोदन द्यायचं, मतं घ्यायची. आणि एवढं सगळं झालं की काय होतं? काही नाही. आमचा तो सल्ला. सल्ला वर कौन्सिलकडे जातो, आणि सोमवारी कौन्सिल त्याचं काय करतं... नोंद घेतली, आभार मानले, फाइलला लावलं. हे मी माझ्या मनाचं नाही सांगत, हेच शब्द असतात त्यांच्या कागदावर. किती फाइली आहेत माहितीये तुम्हाला तिकडे तळघरात? त्या एकावर एक रचल्या असत्या तर बाक झालं असतं.

आणि आमच्यावर कौन्सिलचा एक नगरसेवक नेमलेला असतो, दुवा म्हणून. त्याला मत नाही, त्यानं नुसतं बसायचं आणि आमचं म्हणणं वर न्यायचं. आमचा दुवा केंट रूलंड. दुसरीत असताना दर सोमवारी माझ्या बसमध्ये ओकायचा. आता टाय लावतो. स्वभावानं वाईट नाही हो पोरगा, उलट इतका गोड की त्याच्याशी भांडता येत नाही. "ओरिन, तुम्ही लोक म्हणजे कौन्सिलचे डोळे आणि कान आहात." डोळे आहोत, कान आहोत, सगळं आहोत, तोंड तेवढं त्यांनी स्वतःकडे ठेवलंय.

पहिल्या वर्षी आम्ही सल्ला दिला, डेअरीसमोर बाक बसवावं. पाच विरुद्ध शून्य. वरून परत आला, कोणत्या प्रकारचं बाक ते नमूद नाही. आम्ही प्रकार नमूद केला. परत आला, डेअरीची इमारत जुनी आहे, वारसा समितीचं मत घ्या. वारसा समितीत आठ महिने गेले, कारण त्यांच्यातले दोघे हिवाळ्यात ॲरिझोनाला जातात आणि कोरम भरत नाही. शेवटी त्यांनी कळवलं की बाक वेगळंच आहे. आमच्या मिनेसोटात एखादी गोष्ट कुणाला पसंत नसली की "नाही" म्हणत नाहीत, "वेगळंच आहे" म्हणतात, म्हणजे मेलात तुम्ही. मग कौन्सिलला सुचलं की एकेक बाक कशाला बघायचं, आधी बाकांचं धोरण करू. करा म्हटलं. केलं! अकरा पानी. पान तीनवर बसणे म्हणजे काय याची व्याख्या आहे. ती व्याख्या मी घरी मार्लिसला वाचून दाखवली, तर ती हसली आणि हसता हसता तिला अशी ढास लागली की मी घाबरलो, आणि तेव्हापासून नगरपालिकेचे कागद घरी वाचायचे बंद केले.

तुम्ही म्हणाल, अरे पण घरची खुर्ची न्यायचीस की बाबा. नेली! घडीचं स्टूल घेतलं, तिच्यामागे काखेत मारून चाललो, तीनशे दहाव्या पावलाला उघडलं, म्हटलं बस. ती बसेना. उभ्यानंच दम खाल्ला तिनं, भिंतीला हात लावून, आणि घरी आल्यावर म्हणाली, "बाकावर बसलेली बाई म्हणजे नुसती बसलेली बाई असते, ओरिन. नवरा मागून स्टूल घेऊन चालतो ती आजारी." स्टूल गेलं गॅरेजमध्ये. त्यानंतर ती डेअरीपर्यंत जायची आणि तिथून परत फिरायची. पुढे डेअरीपर्यंतही जाईना. पुस्तकं मी आणायला लागलो, आणि मला काय कळतंय त्यातलं... दहातली सहा तिनं वाचलेली असायची. काही बोलायची नाही. पुन्हा वाचायची.

चौथ्या वर्षी धोरण मंजूर झालं, आणि धोरणात लिहिलं होतं की प्रत्येक बाकासाठी नागरिकांची सुनावणी घ्यावी. तोवर मी समितीचा अध्यक्ष झालो होतो. हुशारीमुळे नाही, बाकीचे चौघे त्या दिवशी खाली बघत होते. तर ऑक्टोबरात सुनावणी ठेवली. नियम असा की प्रत्येकाला तीन मिनिटं. टेबलावर दिवा असतो, हिरवा, पिवळा, लाल, आणि लाल झाला की अध्यक्षानं बेल वाजवायची आणि म्हणायचं, आभारी आहोत, वेळ संपली. बोलायला आलं कोण? तो ऊब घेणारा माणूस आला होता, त्याला काही बोलायचं नव्हतं. आणि मार्लिस. केस नीट करून, निळा कोट घालून, मला न सांगता शेजारणीच्या गाडीतून आली होती.

ती माइकपाशी गेली, नाव सांगितलं, पत्ता सांगितला, तो सांगावाच लागतो, माझाच पत्ता. आणि मग श्वास घेतला. एक वाक्य बोलायची आणि थांबायची. मी दिव्याकडे बघतोय... हिरवा. ती म्हणाली, मी त्या बाकावर बावीस वर्षं बसले. थांबली. पिवळा झाला. "बसायला मिळालं की मी पुढे जाऊ शकते," म्हणाली, "एवढंच आहे माझं." अजून काहीतरी होतं तिला सांगायचं, तोंड उघडलं होतं तिनं, पण श्वास येईना, आणि दिवा लाल झाला.

आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? नाही, खरं सांगा. बायको म्हणून एक मिनिट जास्त दिलं असतं, तर उद्या कुणीही उठलं असतं, बोट दाखवलं असतं, सल्लाच बाद. चार वर्षं बाद. मी बेल वाजवली. म्हटलं, आभारी आहोत, मिसेस स्कार, वेळ संपली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग जाऊन बसली. चाळीस खुर्च्यांतल्या एकीवर. गाडीतून घरी आलो. गॅरेजचं दार वर गेलं तेव्हा म्हणाली, "बरोबर केलंस तू. बेल जरा हळू वाजवली असतीस तर चाललं असतं." काय सांगायचं राहिलं होतं ते मी विचारलं नाही. उद्या विचारू, उद्या विचारू... आणि फेब्रुवारीत ती गेली. आणि कौन्सिलकडे गेला का तिचा जबाब? गेला की. नोंद घेतली, आभार मानले, फाइलला लावलं.

अंत्यविधी झाला चर्चमध्ये. जमीन गोठलेली, दफन वसंतातच होणार होतं, म्हणून सगळे थेट खाली तळघरात जेवायला. हॅमची सँडविचेस, ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश, लिंबाचे गोड बार, आणि ती फिकट कॉफी, जी आमच्याकडे सुखातही तीच आणि दुःखातही तीच. मी एका टेबलाशी बसलो. समोर येऊन बसला डरविन हाक, माझ्या समितीतला, चाळीस वर्षं पोस्टमन होता. मग बर्नाडीन, तीही समितीतली, ते लिंबाचे बार तिनंच केलेले. आम्ही तिघं गप्प. आमच्याकडे गप्प बसणं हेच सांत्वन असतं. मग डरविन ताटलीकडे बघत म्हणाला, "ते बाक करून टाकू आपण, ओरिन. मार्चमध्येच." बर्नाडीन म्हणाली, हो. आणि मी, तोंडात सँडविच, घशाखाली उतरत नव्हतं, बोलता येत नव्हतं... मी मान हलवली. बस. एवढंच झालं. आठवडाभरात माझ्याशी जे काही बोललं गेलं त्यात कामाचं बोलणं तेवढं एकच होतं.

मार्चची सभा. बाकाचा विषय. माझं मन भरून आलं होतं हो, आणि मन भरून आलं की आमच्यासारखा माणूस काय करतो, आभार मानतो. गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं, म्हाताऱ्या! पण नाही, मी माइक चालू केला आणि म्हटलं, मतदानाआधी मला डरविनचे आणि बर्नाडीनचे आभार मानायचेत, मार्लिसच्या मयताला जेवताना त्यांनी मला शब्द दिला की आपण हे बाक करू. पाच विरुद्ध शून्य, मंजूर. केंटनं टाळी वाजवली. आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसलेली नगरसचिव जोलीन, तिचं पेन थांबलं. मी पाहिलं ते थांबताना. मला वाटलं, पोरीला गहिवरून आलं.

गहिवर कसला! पाचव्या दिवशी नगरपालिकेच्या वकिलाचं पत्र. पाचजणांच्या समितीतले तिघे म्हणजे कोरम. कोरम जमला आणि समितीच्या विषयावर बोलला की ती बैठक. बैठक म्हणजे तीन दिवस आधी दारावर नोटीस हवी आणि लोकांना यायची मुभा हवी. नोटीस नव्हती, सबब बैठक बेकायदा, सबब तिथे ठरल्याप्रमाणे झालेलं मतदान रद्द. मी तसाच उठून नगरपालिकेत गेलो. म्हटलं, जोलीन, लोकांना मुभा नव्हती कशी? ऐंशी माणसं होती तिथे, आमच्या डोक्यावरून मोहरीच्या सॉसची बाटली मागत होती! जोलीन म्हणाली, "मिस्टर स्कार, मला खरंच वाईट वाटतंय." वाटत होतं तिला, खोटं नाही बोलत मी. तीही माझ्याच बसमधली, पहिल्या रांगेत बसायची, कुणी उभं राहिलं की मला सांगायची.

आणि वकिलाचं म्हणणं, झालेल्या बैठकीचं इतिवृत्त तरी नोंदीला हवं. आम्हीच लिहायचं ते. म्हणजे मीच, अध्यक्ष ना! घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, तिची खुर्ची समोर, आणि लिहिलं. स्थळ, चर्चचं तळघर. उपस्थित, तीन. उपस्थित नागरिक, साधारण ऐंशी. नागरिकांची मनोगतं, काही नाही. बैठक सुरू झाली, शेवटच्या प्रार्थनेनंतर. ठराव मांडला हाक यांनी, अनुमोदन बर्नाडीन यांचं. अध्यक्षांनी मान हलवली. ते घेऊन गेलो, तर जोलीननं वाचलं आणि अगदी हळू विचारलं की मान हलवली म्हणजे बाजूनं मत दिलं, की नुसतं ऐकल्याचं दाखवलं? मी म्हटलं, बाई, मी रडू आवरत होतो. तिनं पेन उचललं, ठेवलं, आणि म्हणाली, त्यासाठी रकाना नाहीये.

ते कौन्सिलपुढे गेलं. बायकोच्या मयताचं इतिवृत्त, सोमवारच्या सभेत, गटारांच्या झाकणांच्या विषयानंतर. नोंद घेतली, आभार मानले, फाइलला लावलं.

आता सगळं पहिल्यापासून. नोटीस, सुनावणी, वारसा समिती, ते ॲरिझोनावाले. मध्यंतरी केंट घरी आला, केक घेऊन, त्याच्या बायकोनं केलेला. बसला, इकडचं तिकडचं बोलला, पाकात घोळवून घोळवून बोलला, आणि मग म्हणाला, "ओरिन, राग मानू नका, पण त्या जागी बाकाची गरज... आता थोडी कमी झालीये, नाही का?" मी त्याला केक कापून दिला. दुसरीतला असता तर बस थांबवून खाली उतरवला असता, पण आता तो नगरसेवक आहे आणि मी सल्लागार.

गरज कमी झालीये म्हणे! अजून मी मंगळवारी आणि शुक्रवारी जातो लायब्ररीत. तिची पुस्तकं आणतो, आता मी वाचतो ती, आधी तिनं वाचलेली सहा, मग बाकीची. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका, हल्ली तीनशे दहाव्या पावलाला मलाही दम लागतो. मी भिंतीला हात लावून उभा राहतो, त्या दोन बोल्टांकडे बघत. स्टूल नेत नाही. तिचं खरं होतं.

म्हणून परवा मी पुन्हा जोलीनकडे गेलो. म्हटलं, मला नियम समजून घ्यायचाय. उद्या मी गेलो तर समितीत उरले चार. त्यातले तिघे माझ्या मयताला आले, एका टेबलाशी बसले, आणि कुणीतरी म्हणालं, बिचारा ओरिन, त्याचं ते बाक... तर? ती पोरगी गंभीरपणे विचार करून म्हणाली, "तीन दिवस आधी नोटीस लागली असेल तर चालेल." मी म्हटलं, दे मग फॉर्म. तिथेच उभ्यानं भरला. बैठकीचा प्रकार, विशेष. स्थळ, चर्चचं तळघर. विषय, थर्ड स्ट्रीटवरचं बाक. नागरिकांना मुभा, आहे, कॉफीसह. खाली सही केली, ओरिन स्कार, अध्यक्ष.

जोलीननं वरपासून खालपर्यंत वाचलं. हसली नाही. डोळे पुसले बहुतेक, नाहीतर चष्मा सारखा केला असेल. म्हणाली, मिस्टर स्कार, तारीख राहिलीये. मी म्हटलं, कळवतो. मग तिनं खण उघडला, शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली, आणि माझ्यासमोर... नोंद घेतली, आभार मानले, फाइलला लावलं.